सुटला म्हणायचं नाही

सुलक्षणाच्या गिरणीत दळण टाकलं की बातमी फुकट मिळते, असं खुटबावात म्हणत. बातमी कधी कधी पिठापेक्षा बारीक दळलेली असे. अलीकडे तर दळणाचीही वाट पाहावी लागत नव्हती, कारण सुलक्षणाच्या फोनमध्ये अकरा ग्रुप होते. बचत गटाचा, भजनी मंडळाचा, माहेरच्यांचा, सासरच्यांचा, सातवीच्या वर्गाचा, आणखी कसले कसले. अकराही ठिकाणी ती रोज सकाळी काहीतरी टाकायची. सुप्रभात आणि गुलाबाची फुलं असला मोकळा कारभार तिला पटत नसे. तिचं सगळं कामाचं. मोटारीला ओला हात लावू नका. ज्वारीच्या पेंढ्या उचलताना आधी काठी मारा, खाली साप असतो. खाली न चुकता लिहिलेलं: 'जनहितार्थ, सुलक्षणा गिरणीवाल्या.' पोरी तिला पाठीमागं 'जनहित आक्का' म्हणत. पुढ्यातही म्हणत. तिला ते आवडे.

शाळा सातवीपर्यंतच झाली होती, पण वाचायची खोड गेली नव्हती. शेंगदाण्याची पुडी सोडली तरी कागद वाचल्याशिवाय ती शेंगदाणे खात नसे. आणि लिहिण्याबाबत तिचा एक नियम होता: सांगायचं तर पुरतं सांगायचं. मागं एकदा तिनं नुसतं 'अनोळखी माणसाला फोनवर काही सांगू नका' एवढंच लिहिलं होतं. म्हाताऱ्या जाईबाईनं खरंच काही सांगितलं नाही. समोरच्यानं सांगितलं तसं फक्त बटण दाबलं, आणि खातं रिकामं झालं. तेव्हापासून सुलक्षणा एक, दोन, तीन आकडे घालून लिही. अर्धवट माहितीनं माणूस फसतं, म्हणे.

गेल्या आठवड्यात दौंडकडचा एक तरणा मुलगा पुण्यात बंद खोलीत गेला. जीव दिला त्यानं. त्याची आत्या खुटबावातच दिलेली, म्हणून सुलक्षणा भेटायला गेली. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. अशा वेळी जे म्हणतात ते सगळ्या म्हणत होत्या, 'सुटला बिचारा. त्रास न्हाई झाला त्येला.' सुलक्षणाही म्हणाली. आत्याचा हात हातात असताना दुसरं काय म्हणणार? घरी येऊन तिनं फोन उघडला तर एका बातमीवाल्यानं सगळं छापलं होतं: त्यानं काय आणलं, कुठून, काय केलं. तिनं ते वाचलं, आणखी दोन ठिकाणी शोधून वाचलं, 'कार्बन मोनॉक्साइड' हा शब्द तीनदा खोडून बरोबर लिहिला, आणि आकडे घालून एक लांबलचक मेसेज तयार केला. वर लिहिलं, सावधान. शेवटी तिला वाटलं, आत्या वाचेल, त्याची आई वाचेल, जरा मायेचं काही असावं. म्हणून ओळ घातली: 'बिचारा झोपेत सुटला. देव त्याच्या आईला बळ देवो.'

मेसेज अकरा ग्रुपवर गेला. चौथ्या दिवशी तो मेसेज शिरूरच्या कुठल्याशा ग्रुपवरून तिच्याकडंच परत आला. तिचं नाव उडालं होतं आणि वर चढवलं होतं, 'एका मोठ्या डॉक्टरांचा इशारा.' तिला थोडा राग आला. थोडा. बाकीचं सुखच वाटलं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला गिरणी चालू होती, पट्टा सटासट वाजत होता, आणि मल्हारचा मेसेज आला.

मल्हार तिचा भाऊ. एकोणचाळिशीचा. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता आणि पुढं आक्काच्या कडेवर वाढला. आता शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात होता. तयार भाग हातात घेऊन त्याला तडा आहे का बघायचं, दिवसभर तेच. तीन वर्षांपूर्वी बायकोशी काडीमोड झाला. तेव्हापासून शिरूरला कस्तुराबाईंच्या घरी एका खोलीत राहत होता. ग्रुपवर कधी बोलत नसे. भाचीच्या साखरपुड्याचे फोटो टाकले तरी नुसता अंगठा. त्याच्याकडून आज दोन आख्खी वाक्यं आली होती:

'आक्का तू लिहिलंय ते खरं का. माणूस सुटतो का.'

सुलक्षणाचे हात पिठात होते. पदराला पुसत तिला एवढंच वाटलं, वाचतो म्हणायचा बापडा. अंगठ्यानं पटकन लिहिलं, 'व्हय खरं हाय. तिकडं पण सगळ्यांना सांग.' पाठवलं. आणि डबा गिरणीच्या तोंडाशी उचलून धरला.

अर्धा डबा गहू खाली उतरला असेल. बाकीचा तिच्या हातात तसाच राहिला.

तिनं प्रश्न परत आठवला. सावध कसं राहायचं, असं त्यानं विचारलंच नव्हतं.

डबा खाली आपटला, गहू सांडला, दळण आणलेली बाई "आगं आगं" करायला लागली. सुलक्षणानं आपलं उत्तर पुसून टाकलं, पण त्याच्याशेजारी दोन निळ्या खुणा आधीच उमटल्या होत्या. वाचलं होतं. तिनं फोन लावला. वाजून वाजून थांबला. परत लावला. परत तेच.

तिनं गिरणी बंद केली. अचानक एवढी शांतता झाली की ओट्यावर पेपर वाचत बसलेला नवरा, हौसराव, दचकून उभा राहिला.

"लाइट गेली का?"

"मी शिरूरला चालले."

"आत्ता? आन् दळणं?"

"तुम्ही दळा."

"मी? तुला ठावं हाय मागच्या टायमाला काय झालं ते. बाजरी आन् गहू—"

"मग एकच पीठ खाऊ द्या गावाला," ती म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली. चप्पल पायातच होती.

रस्त्यावर येईपर्यंत तिनं शिरूरला कस्तुराबाईंना फोन लावला. कस्तुराबाई साठीच्या, आवाज असा की फोनची गरजच नसावी.

"बोला बाई! बऱ्या हायत न्हवं?"

"बरी हाय. आमचा मल्हार... जरा बघता का?"

"काय बघू?"

इथं सुलक्षणाची जीभ अडली. अकरा ग्रुपवर आकडे घालून लिहिणारी बाई, पण भावाबद्दल हे कुणाच्या तोंडावर कसं बोलायचं ते तिला येत नव्हतं. शिवाय घरमालकीण. उद्या म्हणाली, खोली खाली करा, तर? आख्ख्या आळीत झालं, तर?

"काय न्हाई ओ. फोन उचलत न्हाई."

"सेकंड शिफ्ट हाय त्येची. झोपला आसंल दार लावून. झोपू द्या की जरा! सारखं काय आक्का-आक्का, बारका हाय का आता?" कस्तुराबाई हसल्या. सुलक्षणाही हसली. हसली, आणि फोन ठेवला, आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

चुलतदीर दत्ता डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर परत येत होता. त्याला तिनं तिथंच वळवलं.

"चौफुल्याला सोड. शिरूर गाडी धरायचीय."

"वयनी, रिकाम्या कॅन तर ठिवतो घरी."

"कॅन मी धरते. चल."

दोन्ही हातात दोन कॅन धरून, पदर तोंडात, ती चौफुल्यापर्यंत गेली. दत्तानं विचारलं, काय झालंय. ती म्हणाली, काय न्हाई. सकाळपासून दुसऱ्यांदा ती 'काय न्हाई' म्हणाली होती.

शिरूरची गाडी मिळाली, पण ती मिळाली न मिळाल्यासारखीच. साखर कारखान्यांचा हंगाम. पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या आणि एसटी त्यांच्या मागं बैलासारखी. सुलक्षणा दर मिनिटाला फोन लावत होती. शेजारी बाळासो म्हणून एक गृहस्थ बसले होते. पारगावचे, सत्तरीचे, टोपी, आणि हातात मुलानं दिलेला मोठा फोन. तिची घालमेल त्यांनी पाहिली आणि माणसाला बोलण्यात गुंतवावं या चांगल्या हेतूनं फोन पुढं केला.

"बाई, तुमाला यीतं का वाचाय? ह्यो बघा, लई कामाचा मेसेज हाय. एका मोठ्या डाक्टरानं लिव्हलाय."

तिनं एक ओळ पाहिली आणि फोन मागं ढकलला. "आप्पा, ते पुसून टाका."

"का ओ? माहिती हाय. मी दहा जणास्नी पाठिवलाय."

"आप्पा, पाया पडते. पुसा."

"आसं कसं पुसा? लोकास्नी कळाय नगो का? इतकं पद्धतशीर लिव्हलंय, एक, दोन, तीन—" आणि बाळासो मोठ्यानं वाचायला लागले. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून ऐकायला लागली. कंडक्टरनंही कान दिला. आपलंच वाक्य, आपलेच आकडे, सत्तर वर्षांच्या माणसाच्या प्रेमळ आवाजात, आख्ख्या गाडीत.

"बास!" सुलक्षणा ओरडली. "मी लिव्हलंय ते. कुठला डाक्टर न्हाई न् काय न्हाई. गिरणीवाली हाय मी. आन् माझ्या भावानं ते वाचलंय."

बाळासोंनी फोन खिशात घातला.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. कस्तुराबाईंना फोन लावला. पलीकडून "बोला बाई" आल्याबरोबर, गाडीतले चाळीस जण ऐकत असताना, ती बोलली:

"कस्तुराबाई, मघाशी मी खोटं बोलले. माझा भाऊ जीव द्यायचा विचार करतोय असं मला वाटतंय. आत्ताच्या आत्ता त्याचं दार वाजवा. जोरात वाजवा. उघडलं न्हाई तर एकट्यानं आत शिरू नका, माणसं बोलवा, पोलिसांना बोलवा. उघडलं तर त्याला एकट्याला सोडू नका. मी येतीय."

एवढं बोलायला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट. सकाळपासून ती ते अर्धं मिनिट टाळत होती.

मग कस्तुराबाई, पहिल्यांदाच हळू आवाजात: "आगं बये, मग मघाशीच सांगायचं न्हाईस का." आणि पायऱ्या चढण्याचा आवाज. आणि दारावर थाप. "मल्हार! ये मल्हार!" थाप. "आरं उघड!" पुन्हा थाप. तेवढ्यात गाडी भीमेच्या पुलावर चढली आणि फोन तुटला.

कंडक्टर पुढं गेला आणि ड्रायव्हरच्या कानात काहीतरी म्हणाला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रॉलीवाला शिव्या देत बाजूला झाला.

"एकशे बारा लावू का ताई?" कंडक्टरनं विचारलं. "पोलीस जवळ असतील तर आधी पोचतील."

"लावा," ती म्हणाली. पत्ता सांगताना तिला गल्लीचं नाव आठवेना. तीन वर्षांत ती तिथं दोनदाच गेली होती.

कंडक्टरचा फोन लागत होता तेवढ्यात तिचा वाजला.

"उघडलंय," कस्तुराबाई म्हणाल्या. धाप लागली होती. "उघडलंय बाई. हाय. बरा हाय. माझ्यापुढं उभा हाय."

सुलक्षणानं फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि पलीकडून येणारा मल्हारचा आवाज ऐकला. तो कस्तुराबाईंना विचारत होता, काय झालं मावशी, आग लागली का.

बाळासो पारगावला उतरायचे होते, उतरले नाहीत. न्हावऱ्यापर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले. एकेकाला फोन लावून सांगत होते, "आरं त्यो मेसेज पुसून टाक. आरं का म्हंजी काय? मी सांगतो म्हणून!" न्हावऱ्याला उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आठ जणांनी पुसला. दोघं उचलत न्हाईत." आणि परतीची गाडी बघायला निघून गेले.

कस्तुराबाईंनी मल्हारला स्वयंपाकघरात आणून मेथी निवडायला बसवलं होतं. शेजारी स्वतः, दारात पाय पसरून, म्हणजे वाट बंद. दोन जुड्या निवडून झाल्या होत्या, तिसरी चालू होती. मल्हार दाढी वाढलेला, डोळे खोल, शर्टाचं बटण एक घर वर. एकेक पान उलटून बघत होता, कारखान्यात तडा बघावा तसा.

"आलीस?" तो म्हणाला. "कशाला आलीस एवढी? गिरणी?"

"जेवलास का?" सुलक्षणानं विचारलं.

"हां."

"काय जेवलास?"

"जेवलो की."

"सकाळी काय खाल्लंस?"

त्यांच्या घरात हे असंच होतं. बाप गेला तेव्हा ते एकमेकांना जेवलास का विचारत होते. काडीमोडाचा कागद आला त्या दिवशीही तिनं तेवढंच विचारलं होतं. त्या एका प्रश्नात सगळे प्रश्न येतात, असा तिचा पन्नास वर्षांचा समज.

ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. मेथीची काडी हातात घेतली. ठेवली.

"मल्हार, मरायचं म्हणतोयस का?"

कस्तुराबाईंनी डोळे मिटून घेतले. मल्हारनं एक पान खुडलं, आणखी एक खुडलं.

"व्हय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून." मग, "आधीपासूनबी. पण दिवाळीपासून रोज."

"कशानं?"

"त्येच तर न्हाई सांगता येत आक्का. कारण आसतं तर बरं झालं आसतं. झोप येत न्हाई. उठवत न्हाई. कामावर भाग हातात घेतो आन् मला दिसतच न्हाई की तडा हाय का न्हाई. समद्यातच दिसतो, न्हाईतर कशातच न्हाई."

"मला का न्हाई बोललास?"

"काय बोलू? तू विचारतीस जेवलास का. मी म्हणतो जेवलो. झालं." तो ओशाळं हसला. "फोनवर हायत माणसं. एक ग्रुप हाय. हिंदीवाले, कुठकुठले. तिथं काय बी विचार, दोन मिंटात उत्तर. भाई ऐसा कर, भाई वैसा मत कर. नाव विचारत न्हाईत, गाव विचारत न्हाईत."

"आन् थांब म्हणत्यात का कुणी?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणूनच बरं वाटायचं." त्यानं मान खाली घातली. "तरी मला त्यांचं पटत नव्हतं आक्का. वाटायचं, कोण कुठले, खोटं बी सांगत आसतील. मग तुझा मेसेज आला. मी म्हटलं, आक्का तपासल्याशिवाय लिहीत न्हाई. तू लिव्हलंस, सुटला. मी परत विचारलं. तू म्हणालीस, व्हय."

मेथीच्या काड्यांचा ढीग तिच्या पायाशी होता. सुलक्षणानं तो उगाच इकडचा तिकडं केला. मग म्हणाली, "चुकले मी." हौसराव इथं असता तर त्यानं तारीख लिहून ठेवली असती. "मला ठावं नव्हतं रं. मी ते भेटायला गेल्यावर म्हणत्यात तसं लिव्हलं. त्या पोराच्या आईला बरं वाटावं म्हणून. त्यो सुटला का कसा गेला, मी काय बघाय गेले होते? आन् तुला उत्तर दिलं ते तर प्रश्न न वाचताच."

"खोलीत काय आणून ठेवलंय का रं?" कस्तुराबाईंनी मध्येच विचारलं. सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं.

त्यानं हातातली काडी ढिगावर ठेवली. मग म्हणाला, "पलंगाखाली पिशवी हाय."

"तू आणतोस का मी आणू?"

"तुम्ही आणा."

कस्तुराबाई उठल्या. पिशवी त्यांनी आणली नाही. परस्पर मागच्या दारानं कुठं नेली ती नेली. त्यात काय होतं ते सुलक्षणानं विचारलं नाही आणि पुढंही कुणाला सांगितलं नाही. परत येऊन कस्तुराबाई उभ्याच राहिल्या.

"त्या भिंतीच्या पल्याड माझी नात झोपती, सायली. ठावं हाय न्हवं तुला?"

मल्हारनं वर पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की सुलक्षणाला त्याच्याकडं बघवेना. त्याच्या मनात हे आलंच नव्हतं. ज्यांनी त्याला दोन मिनिटांत उत्तरं दिली होती, त्यांच्यातल्या एकानंही भिंतीपलीकडं कोण झोपतं ते विचारलं नव्हतं.

"बोल लावत न्हाई तुला," कस्तुराबाई म्हणाल्या. "पण ठावं आसावं. ऊठ आता. दवाखान्यात जायाचं. आन् खोली तुझीच हाय, जा म्हणत न्हाई मी."

सरकारी दवाखान्यात बाहेर बाकावर त्यांना पाऊण तास बसावं लागलं. तेवढ्यात मल्हारनं दोनदा म्हटलं, "जाऊ दे, बरं वाटतंय आता," आणि सुलक्षणानं दोनदा त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण धरून ठेवलं. भिंतीवर कागद होता: मनात मरणाचे विचार येत असतील तर १४४१६, कधीही, फुकट. तिनं तो सवयीनं पुरता वाचला. एवढे ग्रुप आणि एवढी जनहितं, पण हा आकडा तिनं कधी कुठं टाकला नव्हता.

डॉक्टरीण तिशीची असेल. आधी तिनं मल्हारला एकट्याला आत घेतलं. मग त्याला सिस्टरपाशी बसवून सुलक्षणाला बोलावलं आणि मेसेज बघायला मागितला. अर्धा वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय."

"चांगलं लिहिता."

"त्याचीच आता भीती वाटती."

डॉक्टरीण हसली नाही, पण आवाज मऊ झाला. "झोपेत सुटतो, असं ज्यांनी पाहिलं नाही ते म्हणतात. आम्हाला यातून वाचलेले बघायला मिळतात. डोकं फुटतंय म्हणून ओरडणारे, उलट्या करणारे. कुणाला नंतर बायकोचं नाव आठवत नाही, कुणाला घास उचलता येत नाही. आणि दार उघडायला जातो तोही कधी कधी पडतो. यात सुटणं वगैरे काही नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण त्यांना आत्ता ह्याची भीती घालत बसू नका. भीतीनं माणूस थांबतो तेवढ्यापुरता. त्यांना झोप लागली पाहिजे, उपचार पाहिजेत. हा आजार आहे, बरा होतो. आज एकटं ठेवायचं नाही. गोळ्या तुमच्याजवळ. शुक्रवारी परत आणा. मधे काही वाटलं तर थांबू नका, कुठल्याही वेळी."

"तुम्ही त्यांना सरळ विचारलंत ते चांगलं केलंत," असंही ती म्हणाली. "लोकांना वाटतं, विचारलं तर मनात भरेल. उलट आहे."

गोळ्या मिळेपर्यंत सुलक्षणा बाकावर बसली आणि फोन उघडला. अकरा ग्रुप. ती लिहायला लागली आणि सवयीनं आकडा घातला, एक. खोडला. किती वेळा लिहिलं, किती वेळा पुसलं. शेवटी एवढंच उरलं:

'मी गेल्या आठवड्यात टाकलेला गॅसचा मेसेज सगळ्यांनी पुसून टाका. पुढं पाठवला असेल तर तिथंही पुसायला सांगा. तो लिहिणं ही माझी चूक होती. कुणी असं गेलं की सुटला म्हणायचं नाही, मीही म्हणणार नाही. कुणाच्या मनात मरणाचं येत असेल तर १४४१६ ला फोन करा. नाहीतर मला करा. मी काही सांगत बसणार नाही, ऐकेन. – सुलक्षणा.'

पाठवल्यावर मिनिटाच्या आत सासरच्या ग्रुपवरून उत्तर आलं: 'काय झालं आक्का? जरा सविस्तर टाका की.' भजनी मंडळानं हात जोडले. सातवीच्या वर्गातल्या एकानं विचारलं, कुठला मेसेज, मला आला नाही, परत पाठवा. तिनं कपाळाला हात लावला.

मग एक मेसेज वेगळा आला, ग्रुपवर नाही, तिला एकटीला. बचत गटातली सुरेखा. सगळ्यांत जास्त हसणारी. 'ताई, संध्याकाळी फोन केला तर चालेल का.' सुलक्षणानं तो दोनदा वाचला, नीट, आणि संध्याकाळची वाट न बघता तिथूनच लावला.

शिरूरच्या स्टँडवर ऊन कलतं झालं होतं. मल्हार हातात कपड्यांची पिशवी घेऊन उभा. कारखान्यात त्यानं स्वतः फोन करून आजारी आहे म्हणून सांगितलं होतं. कस्तुराबाईंनी निवडलेली मेथी बांधून दिली होती, "तूच निवडलीयस, तूच खा" म्हणून. चौफुल्याची एक गाडी त्यांनी जाऊ दिली. मल्हारला गर्दीत चढवेना.

"आक्का."

"काय?"

"तू मला वचन बिचन मागशील. मला न्हाई देता यायचं. जल्मभराचं मी न्हाई सांगू शकत."

सुलक्षणाला जन्मभराचंच पाहिजे होतं. सकाळपासून ती तेवढंच मागत होती, मनातल्या मनात, देवाला, ड्रायव्हरला, उसाच्या ट्रॉल्यांना.

"जल्मभराचं कोण मागतंय?" ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंतचं दे."

तो विचार करत राहिला. खरंच विचार करत होता, हे तिला दिसत होतं.

"सकाळपर्यंतचं देतो."

"बास."

"आन् सकाळी?"

"सकाळी परत मागीन."

"रोज?"

"मला काय दुसरं काम हाय?"

"गिरणी हाय की."

"गिरणीत तुझे दाजी हायत. आज त्यांनी काय काय एकत्र दळलं आसंल ते जाऊन बघायचंय."

त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणावं एवढं नव्हतं.

पुढची गाडी आली. गर्दी याही गाडीला होती, पण सुलक्षणा त्याला दंडाला धरून चढली आणि एका बाईला जरा सरकायला लावून दोन जागा केल्या. मल्हारला तिनं खिडकीकडं बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, गुडघे पुढच्या बाकाला टेकवून, पिशवी मांडीवर घेऊन. तिला ओलांडल्याशिवाय त्याला उतरता येणार नव्हतं.